ताहितीत रविवारच्या जेवणात मासे-मांसाला नाही कसं म्हणायचं? मदत हवी आहे

सध्या कामासाठी पापेएतेत (फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहिती बेटावरचं शहर) आहे, घरमालकीण आजींनी रविवारी आहिमाआ, म्हणजे जमिनीखालच्या भट्टीतल्या जेवणाला बोलावलंय. मी शाकाहारी, अंडं चालतं. उरू (आपला नीरफणसच!), तारो (अळूचा कंद), फेई केळी, पोए (फळांचा गोड पदार्थ) हे सगळं आनंदाने खाईन, पण बाकी बहुतेक ताटात मासे नाहीतर डुक्कर, आणि फाफारू तर समुद्राच्या पाण्यात आंबवलेला मासा, तो आग्रहाने वाढतात म्हणे. ऑफिसातल्याला विचारलं तर म्हणाला नुसतं "आइता, माउरुउरु" (नाही, धन्यवाद) म्हण, पण आजींना ते तुटक वाटेल अशी भीती वाटते. फ्रेंच मला जेमतेम येतं. चपला बाहेर काढायच्या हे माहितीये. तिकडे राहिलेल्या कुणी सांगा, शाकाहारी आहे हे आधीच कळवू की ताटावर बसल्यावर, आणि ताहिती भाषेत नेमकं कोणतं वाक्य म्हणू?