मदत हवी आहे : बायकांच्या गटात एकीचा फॉर्म पाहून घाबरलेय, पुढे काय करू?

नमस्कार. थोडं लांबलचक लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

मी कोचिंगचं प्रशिक्षण घेतलंय. मानसोपचारतज्ज्ञ नाही, समुपदेशकही नाही. गेले पाच आठवडे आठ जणींचा एक गट ऑनलाइन चालवतेय, आठवड्यातून एकदा, दीड तास. झोप उडालीय, सतत चिडचिड होते, कशात मन लागत नाही, इथवर आलेल्या बायका पुढे नैराश्यात किंवा अँग्झायटीत जाऊ नयेत एवढाच हेतू. बाळंतपणानंतर मी स्वतः त्यातून गेलेय. गोळ्यांनी मी बरी झाले, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण त्याच्या आधीचे चार-पाच महिने मी हळूहळू बुडत होते आणि कोणी विचारलं नव्हतं, ते राहून राहून आठवतं.

सुरू करण्याआधी बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे नैराश्याचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे दीडपट आहे, आणि गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी १० टक्क्यांहून जास्त जणींना ते होतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने (आजार टाळण्याबद्दल शिफारशी करणारा तज्ज्ञांचा गट) जास्त धोका असलेल्या अशा बायकांना आजार होण्याआधीच समुपदेशन द्यावं अशी शिफारस केली. म्हणजे आधीच काही करता येतं, ही नुसती माझी समजूत नाही.

सत्रात आम्ही मुख्यतः बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशनवर काम करतो. मन उदास झालं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, आणि सोडलेल्या गोष्टींमुळे आणखी उदास होतो. म्हणून इच्छा होण्याची वाट न बघता प्रत्येकीने आठवड्यासाठी एक लहानशी गोष्ट ठरवायची, वार आणि वेळ लिहून. एकीने 'बुधवारी दुपारी दहा मिनिटं चित्र काढणार' असं लिहिलं होतं. पुढच्या सत्रात तिने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. फक्त खिडकीची चौकट होती. पण तो धरताना तिचा चेहरा खुलला होता.

एक चूक लवकर कळली. तिसऱ्या आठवड्यात एक जण म्हणाली, "सकाळी दात घासायलासुद्धा उठवत नाही." लगेच चारही बाजूंनी सल्ले सुरू झाले. फिरायला जा, लवकर झोप, मोबाईल बाजूला ठेव. ती हसून "हो हो" म्हणत राहिली आणि नंतर तासभर बोललीच नाही. आता आधी विचारायचं, 'नुसतं ऐकू, की काही सुचवू?' असा नियम केलाय. बहुतेक जणींना नुसतं ऐकणारं कोणीतरी हवं असतं.

आता मूळ गोष्ट. पाचव्या सत्रानंतर मी सगळ्यांना पीएचक्यू-९ हा नैराश्याची लक्षणं तपासणारा नऊ प्रश्नांचा फॉर्म पाठवला. एकीने तो त्याच रात्री भरून दिला. मी तो दोन दिवस उघडलाच नाही. आज उघडला तर एकूण गुण १६, आणि नवव्या प्रश्नापुढे, म्हणजे मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का त्यापुढे, 'काही दिवस' अशी खूण.

तिला काय विचारू? कोणत्या शब्दांत? गटातून थांबायला सांगायचं का? 'हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे' म्हटलं की तिला हाकलल्यासारखं वाटेल, याची धास्ती आहे.

प्रतिसाद १

ताई, बाकीचं नंतर, आधी फोन करा. आजच. मी समुपदेशक आहे, म्हणून थेट लिहिते.

आडवळणाने विचारू नका. 'जीव द्यावा असे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी काही जवळ आहे का?' हेच शब्द वापरा. विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना येते हा गैरसमज आहे. काही ठरवलंय असं वाटलं तर तिला एकटं ठेवायचं नाही. घरचं विश्वासातलं माणूस आणि तातडीची वैद्यकीय मदत, लगेच. तसं नसलं तरी याच आठवड्यात डॉक्टर.

१० किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे नीट तपासणी हवी. १६ म्हणजे निदान नव्हे, त्यामुळे 'तुला नैराश्य आहे' असं तुम्ही म्हणू नका.

गटातून काढायची घाई नको. तिच्या डॉक्टरांना हरकत नसेल तर उपचार आणि गट बरोबर चालू शकतात. तिला सांगा, 'गट आहेच, त्याच्या जोडीला आणखी एक माणूस हवं.'

आणि ज्या दिवशी फॉर्म येईल त्याच दिवशी तो वाचणं जमत नसेल, तर नववा प्रश्न असलेला फॉर्म पाठवू नये. जागतिक आरोग्य संघटनेचा 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' हा ताण आणि उदासीसाठीचा पाच सत्रांचा कार्यक्रम तज्ज्ञ नसलेली माणसंही चालवतात, गटातसुद्धा. पण प्रशिक्षण आणि नियमित देखरेखीखाली, आणि आत्महत्येचा तातडीचा धोका दिसला तर आधी तज्ज्ञाकडे. तुमच्या मागे असं कोणी आहे का?

धागाकर्ती

नाही, कोणी नाही. तेच चुकलं.

फोन केला. तुम्ही दिलेले शब्द कागदावर लिहून समोर ठेवले होते. पहिला प्रश्न विचारल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मागे नळ चालू असल्याचा आवाज येत होता. मग नळ बंद झाला आणि ती म्हणाली, "म्हणजे वाचलास तर फॉर्म." दोन दिवस ती वाट बघत होती. मी माफी मागितली.

विचार येतात, ठरवलेलं काही नाही, असं म्हणाली. बहिणीला सांगायला तयार झाली. आम्ही तिघी एकत्र फोनवर बोललो. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळची मिळालीय, बहीण आज रात्री तिच्याकडेच राहतेय. गटात काय सांगायचं आणि काय नाही, ते तीच ठरवणार.

बाकी सात जणींचे फॉर्म आत्ता वाचून काढले, कोणाचाही नववा प्रश्न तसा नाही. पण तज्ज्ञाची देखरेख मिळेपर्यंत नवीन कोणाला गटात घेत नाही. महिन्यातून दोनदा तासभर माझं काम तपासून देईल असं कोणी इथे असेल, तर कृपया निरोप पाठवा.