ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले. त्यांची नोंद कोठे व कशी शोधावी?

प्रश्न : कंपूची माहेरवाशीण

नमस्कार. माझे माहेर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, कंपूच्या रस्त्यावरचे. माझ्या वडिलांचे आजोबा शिंदे सरकारच्या पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धातून परत आले नाहीत, एवढेच आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे. घरात एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले : ‘लामावर (लढाईच्या आघाडीवर) गेले ते बसऱ्याकडेच राहिले.’ कोणत्या पलटणीत होते, कोणत्या साली गेले, लढताना गेले की आजाराने, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. वडिलांच्या चुलत आत्या, आमच्या आत्याआजी, तेवढ्या आहेत. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे आहे आणि त्यांनाही हे सगळे ऐकूनच माहीत आहे.

हाताशी असलेल्या वस्तू व माहिती पुढीलप्रमाणे आहे. देवघरात एक अर्ध्या वितीएवढ्या रुंदीचे, जड, पितळेसारखे गोल ताट आहे. त्यावर एक उभी स्त्री, एक सिंह आणि चौकटीत इंग्रजी अक्षरांत पणजोबांचे नाव आहे. नावापुढे ‘राव’ आहे, मात्र आडनाव नाही, हुद्दा नाही, पलटणीचे नावही नाही. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत ते मांडतात आणि त्याआधी चिंचेने घासतात. त्यामुळे सिंहाचे तोंड जवळजवळ सपाट झाले आहे. एक चांदीचे पदकही होते म्हणतात, पण ते अडचणीच्या काळात सराफ्यात गेले. त्यांचे वर्षश्राद्ध कार्तिक वद्य द्वितीयेला होते. पितृपक्षातले श्राद्ध मात्र द्वितीयेला न करता चतुर्दशीला करतात आणि त्याचे कारण घरात कोणालाच सांगता येत नाही. गोंधळात भर म्हणून, जुन्या वहीत एका स्थानिक पंडितजींच्या हातची नोंद आहे, तिच्यात ‘अगहन बदी दूज’ असे लिहिले आहे. मग खरी तिथी कोणती, कार्तिकातली की मार्गशीर्षातली?

एवढ्या सामग्रीवरून काही निष्पन्न होईल का? बसऱ्याच्या स्मारकावर त्यांचे नाव असेल का?

उत्तर : जीवाजीगंज

ताई, आपल्या देवघरात आहे ते ताट नव्हे. ते ब्रिटिश सरकारने युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या जवळच्या नातलगांना दिलेले कांस्याचे स्मृतिपदक आहे. त्याचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो; त्यावर ब्रिटानिया व सिंह असतात आणि मृत्यूमध्ये सारे समान या विचाराने नावाबरोबर हुद्दा मुद्दामच घातलेला नसतो. तेव्हा ते घरात असणे म्हणजे त्यांचा मृत्यू सरकारदरबारी युद्धकालीन मृत्यू म्हणून नोंदला गेला होता, याचा पुरावा आहे. कृपया यापुढे चिंच लावू नका. अक्षरे पुसट झाली असतील तर अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही वाचता येतात.

आता बसऱ्याविषयी. त्या युद्धात सर्वांत जास्त भारतीय सैनिक मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा ज्यात आहे त्या आजच्या इराकात गेले. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ घरांत समुद्रापलीकडच्या प्रत्येक आघाडीला ‘बसरा’ म्हणण्याची रीत पडली. मी आजवर अशा सहा-सात कुटुंबांना मदत केली आहे आणि घरात सांगितलेला देश त्यांपैकी निम्म्या वेळा तरी चुकीचा निघाला. ग्वाल्हेरच्या पलटणी इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्सपैकी, म्हणजे संस्थानाच्या खर्चाने उभ्या केलेल्या व साम्राज्याच्या कामी दिलेल्या होत्या. त्यांपैकी थर्ड ग्वाल्हेर इन्फन्ट्रीची तुकडी १९१४ मध्येच पूर्व आफ्रिकेत गेली व तेथल्या टांगा बंदराच्या मोहिमेत होती. फोर्थ ग्वाल्हेर इन्फन्ट्री इजिप्त व पॅलेस्टाईनच्या आघाडीवर होती आणि १९१८ च्या सप्टेंबरात अलवार व पतियाळाच्या पलटणींबरोबर जॉर्डन खोऱ्याच्या बाजूला लढली. यांखेरीज खेचरे व गाड्या हाकणारी ग्वाल्हेर ट्रान्सपोर्ट कोअर होती. म्हणून शोधाची सुरुवात देशापासून करू नये, पलटणीपासून करावी.

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. त्या भिंतींवर ब्रिटिशांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली, परंतु साध्या भारतीय शिपायांची फक्त पलटणवार संख्या दिली. त्यांची नावे कागदावरच्या यादीत राहिली. स्मरणातल्या या विषमतेची कबुली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, म्हणजे युद्धमृतांच्या समाध्या व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेने, २०२१ च्या अहवालात दिली आहे. त्यामुळे दगडावर नाव नसले तरी खचून जाऊ नये. कमिशनच्या संकेतस्थळावरच्या सूचीत ते असण्याची शक्यता राहतेच.

उत्तर : मोरार छावणी

वरील उत्तरात भर घालतो. मी माझ्या आजेसासऱ्यांची नोंद त्या सूचीतून शोधली, तेव्हा पहिले चार महिने आडनाव घालून शोधण्यात वाया गेले. पलटणीच्या इंग्रजी कागदांत आपली आडनावे बहुधा नसतातच. शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव किंवा शहर आणि संस्थान एवढेच असते. तेव्हा आडनाव विसरा, पलटणीच्या रकान्यात ग्वाल्हेर घाला, सैन्य भारतीय निवडा आणि जी यादी येईल ती सबंध वाचून काढा. ती वाचण्यासारखी असते, फार मोठी नसते. लेखनिकाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असल्यामुळे ‘राव’ कधी जोडून, कधी तोडून, तर कधी गाळलेला सापडतो. ‘व’ आणि ‘ब’ यांची अदलाबदल तर नेहमीचीच, कारण आपण ‘विठोबा’ म्हणतो आणि हिंदी लेखनिक ‘बिठोबा’ ऐकतो. खरी ओळख बापाच्या नावावरून पटते. पणजोबांच्या वडिलांचे नाव घरच्या वंशावळीत नक्की करून घ्या. नसेल तर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत किंवा गंगेकाठच्या सोरों तीर्थाच्या पंड्यांच्या वहीत मिळेल. आपल्या ग्वाल्हेरकर मराठी घरांच्या नोंदी बऱ्याचदा दोन्हीकडे असतात.

चांदीचे पदक गेले ही मोठी हानी झाली. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते, म्हणजे आपण जे शोधता आहात ते सगळे त्या एका कडेवर होते. कुठल्या नातलगाकडे त्याचे जुने छायाचित्र असल्यास पाहावे, पण कड छायाचित्रात येत नाही हेही खरेच.

उत्तर : पंचांगवाले काका

माझा सैन्याशी काही संबंध नाही, तिथीशी आहे. म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

पंडितजींची ‘अगहन बदी दूज’ आणि आपली ‘कार्तिक वद्य द्वितीया’ हा एकच दिवस आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना सारखा असतो, पण वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना एकाने पुढे जातो. दोन निरनिराळ्या हातांनी, दोन निरनिराळ्या पद्धतींनी एकच दिवस लिहून ठेवला आहे; यावरून तिथी विश्वासार्ह आहे असे मी म्हणेन.

चतुर्दशीचे कारण याहून महत्त्वाचे आहे. पितृपक्षात श्राद्ध सामान्यतः मृत्युतिथीलाच होते. म्हणजे आपल्याकडे ते भाद्रपद वद्य द्वितीयेला व्हायला हवे होते. भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी राखलेली आहे. आपल्या घरच्यांनी ती निवडली, याचा अर्थ पणजोबा शस्त्राघाताने गेले अशी वार्ता घरी आलेली होती, किंवा निदान घरच्यांची तशी खात्री होती. तापाने किंवा हगवणीने गेलेल्या शिपायाचे श्राद्ध कोणी चतुर्दशीला करणार नाही. आपण जे ‘कोणाला सांगता येत नाही’ म्हणता, ते आपल्या घराने शंभर वर्षे दर भाद्रपदात न चुकता सांगितले आहे.

उत्तर : दाल बाजार

काकांचे उत्तर वाचून लगेच गणित मांडले. १९१४ ची त्रिपुरी पौर्णिमा २ नोव्हेंबरच्या आसपास होती, म्हणजे वद्य द्वितीया ४ तारखेच्या जवळ येते, आणि टांगाची लढाई २ ते ५ नोव्हेंबर १९१४ ची आहे! ताई, आपले पणजोबा थर्ड ग्वाल्हेरचे, टांगाला पडलेले. शोध संपला असे समजायला हरकत नाही.

उत्तर : जीवाजीगंज

हरकत आहे. कार्तिक वद्य द्वितीया दर वर्षी येते. १९१४ मध्ये ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, १९१५ मध्ये चौथ्या, १९१६ मध्ये दुसऱ्या, १९१७ मध्ये अगदी महिनाअखेरीस, आणि १९१८ मध्ये शस्त्रसंधी होऊन गेल्यावर. शिवाय कमिशन पहिल्या महायुद्धाचे मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे धरते, म्हणून पुढची दोन वर्षेही सोडता येत नाहीत. एखादी प्रसिद्ध लढाई तारखेशी जुळली की माणूस मोहात पडतो. मीही एकदा पडलो होतो आणि एका कुटुंबाला चुकीच्या स्मारकाचे छायाचित्र फ्रेम करून दिले होते, ते परत मागताना फार लाज वाटली. ताईंनी सात वर्षांतल्या त्या तिथीच्या तारखा जुन्या पंचांगावरून काढाव्यात, ग्वाल्हेरच्या पलटणींची सबंध यादी समोर घ्यावी आणि नाव, बापाचे नाव व तारीख ही तिन्ही जुळतील तेथेच थांबावे.

उत्तर : राजवाड्याजवळचा इंदूरकर

विषय थोडा बाजूला नेतो, क्षमा असावी. आमचे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले. त्यांनाही हीच रीत लागू पडेल का?

उत्तर : मोरार छावणी

लागू पडेल, आणि थोडी सोपीही जाईल. ब्रह्मदेशात मृत्यू पावलेल्या व समाधिस्थळ नसलेल्यांची नावे रंगूनजवळच्या टाउक्यान येथील रंगून स्मारकावर आहेत. सुमारे २७,००० नावे आहेत आणि आपल्या शिपायांची नावेही प्रत्यक्ष कोरलेली आहेत. ज्यांना अग्नी दिल्याची नोंद आहे त्यांच्यासाठी तेथेच वेगळे स्मारक आहे. त्या युद्धाची कमिशनची मुदत ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत आहे. इंदूर संस्थानाची पलटण पुढे १५ कुमाऊँ झाली आणि आमची फोर्थ ग्वाल्हेर १४ कुमाऊँ. ही दुसरी पुढे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीत गेली. त्यामुळे पलटणीच्या परंपरेविषयी विचारायचे तर आपण रानीखेतला पत्र लिहावे, ग्वाल्हेरकरांनी अहिल्यानगरला.

उत्तर : कंपूची माहेरवाशीण

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण बापाचे नाव नक्की करण्यातच पाच आठवडे गेले. ते शेवटी नाशिकच्या नामावळीत मिळाले.

ग्वाल्हेरच्या पलटणींची यादी आम्ही बहिणींनी वाटून घेऊन वाचली. पणजोबांच्या नावाच्या तीन नोंदी निघाल्या. एका ठिकाणी बापाचे नाव वेगळे होते, दुसरीकडे गाव भिंडकडचे होते. तिसरी नोंद फोर्थ ग्वाल्हेर इन्फन्ट्रीची आहे, बापाचे नाव एका अक्षराच्या फरकाने जुळते, पत्त्यात लष्कर, ग्वाल्हेर असे आहे आणि तारीख नोव्हेंबर १९१७ च्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणजे आमच्या तिथीच्या अलीकडे एकच दिवस. टांगा नव्हे आणि बसराही नव्हे. नाव हेलिओपोलिस येथील पोर्ट तौफिक स्मारकाच्या यादीत आहे. मूळ स्मारक १९२६ मध्ये सुएझ कालव्याच्या दक्षिण तोंडाशी उभारले होते. १९६७ ते १९७३ मधल्या इजिप्त-इस्रायल लढायांत त्याची इतकी हानी झाली की ते पाडावे लागले आणि १९८० मध्ये कैरोजवळच्या युद्धस्मशानात नावे पुन्हा लावली गेली. म्हणजे पणजोबांच्या नावाने दुसऱ्यांदाही युद्ध पाहिले.

मृत्यू कशाने झाला, हे नोंदीत दिलेले नाही. त्यासाठी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या पलटणीच्या वॉर डायरीतली, म्हणजे युद्धकाळातल्या रोजनिशीतली, त्या आठवड्याची पाने मागवली आहेत. डायरीत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते हे मला समजावून सांगण्यात आले आहे. तरी त्या दिवशी किती जण पडले आणि कोठे, एवढे कळले तरी चालेल. तोपर्यंत चतुर्दशीचीच साक्ष धरून चालतो.

जीवाजीगंज काकांनी सांगितल्याप्रमाणे तिरप्या प्रकाशात छायाचित्र घेतले, तेव्हा सिंहाची आयाळ आणि नावाचे अखेरचे पुसट अक्षर दोन्ही दिसले. आत्याआजींना चिंचेबद्दल सांगितले. त्यांना ते फारसे पटले नाही, पण यंदाच्या दसऱ्याला त्यांनी पदक नुसत्या कोरड्या फडक्याने पुसून पूजेत मांडले.