पुणे-बंगळूर महामार्ग: ४ चा ४८ कसा झाला?

रंकाळाकर: कोल्हापूरजवळच्या शिरोली, उचगाव, कागल या पट्ट्यातील जुनी माणसे अजूनही ‘चार नंबरचा हायवे’ म्हणतात, फलकांवर मात्र ४८ हा आकडा दिसतो. हा बदल केव्हा व कोणत्या पद्धतीने झाला, आणि महाराष्ट्रातून हा रस्ता नेमका कसा जातो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वारणाकाठ: २०१० मध्ये देशभरातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम आकडे मिळाले आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत गेले; म्हणून श्रीनगर-कन्याकुमारी ४४, आपला ४८ आणि कोकण किनाऱ्याचा ६६. दिल्ली-मुंबई हा जुना ८ आणि मुंबईहून पुणे, बंगळूरमार्गे चेन्नईला जाणारा जुना ४ जोडून दिल्ली ते चेन्नई असा एकच ४८ झाला. तीन आकडी क्रमांक शाखांचे असतात, त्यामुळे कोल्हापुरातून जाणारा रत्नागिरी-सोलापूर रस्ता, जो पूर्वी २०४ होता, तो ६६ ची शाखा म्हणून १६६ झाला. जुना नकाशा पाहणाऱ्यांनी जरा जपावे, कारण त्यातील ४८ म्हणजे बंगळूर-मंगळूर रस्ता.

घाटवाट: गुजरातेतून तलासरी, मनोर, ठाणे, पनवेल, मग बोरघाट चढून पुणे. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्येच खुला झाला होता. पुण्याच्या दक्षिणेला खंबाटकी लागतो. तिथे साताऱ्याकडे जाणारी वाहने घाट चढतात, तर पुण्याकडे येणारी बोगद्यातून निघतात आणि पुढच्या इंग्रजी एस आकाराच्या वळणावर अनेक अपघात झाले आहेत. त्यापुढे सातारा, कराड, पेठ नाका. वारणा ओलांडली की आपला जिल्हा, आणि कागल सोडले की कोगनोळीचा टोलनाका, म्हणजे कर्नाटक.

पंचगंगा: यात एक गोष्ट जोडतो. रेल्वेची पुणे-मिरज-बेळगाव ही मुख्य वाट कोल्हापूरला बगल देऊन जाते; १८९१ मध्ये मिरजेहून आलेला फाटा इथेच संपतो. त्यामुळे दक्षिणोत्तर वाहतुकीसाठी आपला खरा आधार हा रस्ताच आहे. सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला, तरी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पाणी आल्याने तो बंद ठेवावा लागला आणि मालमोटारी दोन्ही बाजूंना खोळंबल्या. माझ्या मते, सहापदरीकरणात रुंदीपेक्षा या भागातील रस्त्याची उंची आणि भरावाखालून पाणी वाहून जाण्याची वाट यांचा विचार आधी व्हायला हवा.