मदत हवी आहे: मुलाच्या पुढे आलेल्या कानांचं ऑपरेशन

माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. कान सुपासारखे पुढे आलेत, ऐकायला मात्र छान येतं. शाळेत पोरं मागून येऊन कान ओढतात. परवा तो झोपल्यावर पांघरूण सारखं करायला गेले, तर कानांमागे चिकटपट्टी लावलेली! पोटात कालवलं हो.

प्लास्टिक सर्जन म्हणाले, कानामागून चीर देऊन कुर्चा (कानाला आकार देणारा लवचिक भाग) टाक्यांनी वळवतात, ५-६ वर्षांनंतर करता येतं. पण पूर्ण भूल द्यावी लागेल, त्याचीच धास्ती वाटते. सासूबाई म्हणतात, मोठेपणी केसांत झाकतील. मला नाही पटत, तो आत्ता रडतोय.

कुणी आपल्या मुलाचं केलंय का? किती दिवस दुखलं? रात्री डोक्याला पट्टा बांधून झोपला का? कान पुन्हा पुढे आले का? खर्चही सांगा, प्लीज.