मदत हवी: अपॅची की एनजिनएक्स, पीएचपी की नोड? सोमवारच्या आत ठरवायचंय

उद्यमबागचा_पोरगा: काकांच्या फौंड्रीसाठी पीएचपी भाषेत चलन-बिलाचं ॲप केलंय. लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (आपल्याच मशीनवर सर्व्हर चालवायचं पॅकेज) झकास चालतं. सर्व्हरवर टाकलं की पहिलं पान उघडतं, आतल्या लिंका सगळ्या 404, पान सापडत नाही म्हणे. गिऱ्हाइकांची नावं ???? अशी. मित्र म्हणतो, नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, नव्यानं लिही. आणि वेब सर्व्हर अपॅची की एनजिनएक्स? काय घेऊ, पटकन सांगा की.

खानापूरकर: सर्व्हर कसला? लिनक्स की विंडोज? वापरणार किती जण?

नोडवाला: मित्राचं ऐक. पीएचपी म्हातारी झाली.

निपाणीकर: 1995 ची म्हातारी अजून वर्डप्रेस ओढतेय. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) नोड चालवून दाखव, मग बोल.

नोडवाला: व्हीपीएस, म्हणजे आपल्यापुरता आभासी सर्व्हर, घ्यायचं की.

निपाणीकर: पैसे तू भरणार?

शहापूर_पेठ: आमच्या दुकानात टॅली आहे. निवांत चालतं.

उद्यमबागचा_पोरगा: टॅलीचं विचारलंय का मी? व्हीपीएसच आहे, लिनक्स. एनजिनएक्स होस्टिंगवाल्यांनीच घालून दिलंय. वापरणार चार-पाच जण.

खानापूरकर: हे आधी सांगायचं नाही होय! झॅम्पमध्ये अपॅची असतो. तुझे लिंकांचे नियम अपॅचीच्या .एचटीॲक्सेस फाइलमध्ये असणार, आणि ती फाइल एनजिनएक्स वाचतच नाही. एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये ट्राय_फाइल्सची ओळ (फाइल सापडली नाही तर लिंक ॲपकडे पाठवणारी) घाल, नाहीतर अपॅची बसव. चार-पाच माणसांना दोन्ही सारखंच. ???? म्हणजे डेटाबेसचं टेबल लॅटिन1 असणार, त्यात देवनागरी मावत नाही. टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ8एमबी4 (सगळ्या लिप्या मावणारं युनिकोड) कर. पण एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलेलं नाव परत येत नाही, लॅपटॉपवरून डेटा पुन्हा चढव.

टिळकवाडी: चलनावर बेळगाव छापणार की बेळगावी? 2014 ला नाव बदललंय म्हटलं.

निपाणीकर: झालं सुरू! तो वाद इथं नको बाबा.

उद्यमबागचा_पोरगा: ट्राय_फाइल्स घातली, लिंका चालल्या!! मराठी नावंही आली. कन्नड नावांच्या जागी मात्र भलतीच इंग्रजी अक्षरं. लॅपटॉपवर बरोबर दिसतात.

खानापूरकर: यादी जुन्या नुडीत, त्या कन्नड फॉन्टात, टाइप केलेली का?

उद्यमबागचा_पोरगा: हो, काकांच्या ऑफिसातली.

खानापूरकर: मग ते युनिकोड नाही, नुसती फॉन्टची करामत. तुझ्या लॅपटॉपवर फॉन्ट आहे म्हणून दिसतंय. कन्व्हर्टरमधून काढ, आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपास.

नोडवाला: नोड घेतला असतास तर...

उद्यमबागचा_पोरगा: नोडमध्ये नुडी कळते होय? काकूला बसवलंय तपासायला, ती कन्नड शाळेतली आहे. 140 नावं आहेत, सोमवारपर्यंत होतील.