मदत हवी आहे: जावा या प्रोग्रामिंग भाषेत दोन याद्यांतले जुळणारे सभासद नीट कसे काढायचे?

निपाणीकर: तालुक्यातल्या दूध संस्थांच्या बिलांचं काम आहे, जावा १७ मध्ये. सभासद ६,०००, रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या पावत्या १०,०००. त्या दिवशी ज्यांनी दूध घातलं तेवढेच सभासद हवेत. आता एकात एक दोन फॉर लूप (यादी एकेक करून चाळणारे) आहेत, आत बूलियन (हो/नाही खूण) आणि लूप थांबवणारा ब्रेक. सभासद क्रमांक इंटिजर (पूर्णांक) प्रकारात, तुलना == ने. १०० सभासदांच्या चाचणीत सगळं जुळतं, खऱ्या यादीत बहुतेक गळतात.

घटप्रभा: गळती १२८ पासून सुरू होते का बघा की. इंग्रजी मोठ्या I ने लिहिलेला इंटिजर हा ऑब्जेक्ट (मेमरीतली स्वतंत्र वस्तू) असतो, आणि == दोन्हीकडे तोच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघतं. −१२८ ते १२७ चे ऑब्जेक्ट जावा आधीच करून ठेवते आणि तेच पुन्हा देते, म्हणून तिथवर == चालल्यासारखं वाटतं. पुढे आकडा एकच, पण ऑब्जेक्ट दोन. आकड्यांची तुलना करणारं इक्वल्स वापरा.

लूपही काढून टाका. आधी पावत्यांमधल्या क्रमांकांचा हॅशसेट (झटपट शोधता येणारा संच) करा, त्याला 'क्रमांक' म्हणा, मग:

सभासद.स्ट्रीम().फिल्टर(स -> क्रमांक.कंटेन्स(स.क्रमांक())).टूलिस्ट()

सेट फिल्टरच्या (गाळणीच्या) बाहेर, एकदाच. फिल्टरच्या आत पावत्यांवर एनीमॅच (एक तरी जुळते का बघणारं) लावलं तर दिसायला सुटसुटीत, पण एकाही पावतीशी न जुळणारा सभासद सगळ्या पावत्या चाळतो. वाईटात वाईट ६ कोटी तुलना. रिटेनऑल (फक्त सामाईक तेवढे ठेवणारं) नको, ते मूळ यादीच कापतं.

निपाणीकर: १२८ पासूनच गळतात, बरोबर. पण आता जास्तीचे येतायत. दोन संस्थांत १४० क्रमांकाचे दोन वेगळे सभासद आहेत.

घटप्रभा: मग नुसता क्रमांक ही ओळख नव्हेच. संस्था आणि क्रमांक मिळून एक रेकॉर्ड (जावातला नुसती माहिती धरणारा प्रकार) करा आणि सेटमध्ये तो घाला. रेकॉर्डला इक्वल्स आणि हॅशकोड (सेटमध्ये शोधायला लागणारा आकडा) आपोआप मिळतात; साधा क्लास केलात तर दोन्ही स्वतः लिहावे लागतील, नाहीतर कंटेन्सचं (सेटमध्ये आहे का?) उत्तर कायम फॉल्स, म्हणजे नाही. संस्थेचा कोड स्ट्रिंग (अक्षरांच्या रूपात) असेल तर "०७" आणि "७" वेगळे धरले जातात, ते आधीच एकसारखे करा.

मलप्रभा: नावावरून जुळवायच्या फंदात तर पडूच नका. आपल्याकडे एका संस्थेची यादी कन्नडात, दुसरीची मराठीत. मराठीतसुद्धा 'ऱ' एकाच कोडचा किंवा र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोन तऱ्हांनी येतो. जावाच्या नॉर्मलायझरमधल्या एनएफसी या अक्षरं एकसारखी करणाऱ्या पद्धतीने ते एक होतात, पण मध्ये दडलेला शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारं चिन्ह) तसाच राहतो.

आणि सभासदागणिक लिटर हवे असतील तर टूमॅपला (सभासद आणि लिटर असा तक्ता करणारं) तिसरं आर्ग्युमेंट द्या, बेरजेचं. नाहीतर संध्याकाळची पावती आली की इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही चूक येऊन प्रोग्राम थांबतो.