उत्तरेत सोलरला सबसिडी नक्की किती मिळते?

एक ताई म्हणाल्या की दिल्ली काय नि लखनौ काय, केंद्राचे ७८ हजार सगळीकडे सारखेच. तसं नाहीये हो. पीएम सूर्यघरमधे (घराच्या छतावर सोलर बसवायची केंद्राची योजना) पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, असे ७८ हजार हे मैदानी राज्यांसाठी, पण उत्तराखंड, हिमाचल, जम्मू-काश्मीर, लडाखला दर १० टक्के जास्त आहे, म्हणजे ३ किलोवॅटला ८५,८००. आणि आमच्याकडे यूपीत राज्य सरकार वरून किलोवॅटमागे १५ हजार देतं, जास्तीत जास्त ३०, म्हणजे एकूण १ लाख ८ हजार झाले, ही काही छोटी रक्कम नाही.

पण एक सांगते, वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा!! इथे गल्लीत कित्येक घरांची मीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहेत, अर्ज बिलावरच्या नावाने होतो, त्यामुळे आधी नाव बदलून घ्या, मगच व्हेंडरला अ‍ॅडव्हान्स द्या. आणि पॅनल डीसीआरच हवं, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतातच बनलेले, स्वस्तातलं दुसरं लावलं की सबसिडी गेलीच समजा. पैसे नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारं) बसून, तपासणी होऊन मग खात्यात येतात, तोवर खिशातून किंवा लोन काढून भरावे लागतात.

डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे युनिट बरेच घसरतात, त्यामुळे हिशोब वर्षभराचाच करा, कुणी मे महिन्याचं बिल दाखवून भुलवत असेल तर ऐकू नका.